अंगठा, तर्जनी आणि जर्मनीचा रानलसूण

मार्च सरत आला की लाइपझिगच्या नदीकाठच्या जंगलात लसणाचा वास भरून राहतो. झाडांना पालवी फुटायच्या आत खालची जमीन हिरवीगार झालेली असते. हा बेअरलाउख, इथला रानलसूण. आपल्याकडे पहिल्या पावसाला शेवळं आणि फोडशी या रानभाज्या, तशी इथे थंडी ओसरताना ही पानं.

खरं कौतुक आहे ते इथल्या कायद्याचं. निसर्गसंरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार, जिथे जायला मनाई नाही अशा जागेतून रानफुलं, फळं, अळंबी, औषधी पाला कोणालाही घेता येतो. मात्र थोडा, स्वतःपुरता आणि रोपाला जपून. थोडा म्हणजे किती, तर रूढ मापाने अंगठा आणि तर्जनीच्या कडीत मावेल तेवढी जुडी. विकायला तोडायचं तर परवाना लागतो. राखीव निसर्गक्षेत्रात मात्र पानालाही हात लावायचा नाही. माप हातातच असल्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागाच उरत नाही.

त्यामागे कारणही तसंच आहे. या रोपाला बहुधा दोनच पानं येतात. वर सावली दाट व्हायच्या आत, मोजक्या आठवड्यांत, त्या पानांना खालच्या कांद्यात पुढच्या वर्षाची शिदोरी भरायची असते. दोन्ही ओरबाडली की कांदा उपाशी राहतो. म्हणून एका रोपाचं एकच पान घ्यायचं, तेही कात्रीने, आणि पायवाटेच्या कडेने, कारण ताटव्यात शिरलं की तोडण्यापेक्षा तुडवण्यानेच जास्त नासाडी होते.

घात होतो तो ओळखण्यात. बेअरलाउखचं प्रत्येक पान स्वतंत्र देठावर जमिनीतून वर येतं आणि त्याची खालची बाजू मंद, बिनचकाकीची असते. विषारी माईग्लॉक्शेनची (लिली ऑफ द व्हॅली) पानं दोन-दोन एकाच दांड्यावर येतात, खालून चकाकतात. हेर्ब्स्टत्साइटलोसे (ऑटम क्रोकस) हे दुसरं विषारी रोप त्याहून वाईट: ताठ, बिनदेठाची पानं एका झुपक्यात. त्यात कोल्चिसिन हे विष असतं, आपल्या कळलावीत असतं तेच, आणि ते शिजवून जात नाही. वासावर अजिबात विसंबू नका. चार पानं खुडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो, मग हातातलं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं. मूठभर एकदम न कापता पानापानाने घ्या आणि घरी धुताना पुन्हा एकेक पान बघा.

आपल्याकडे अशी मोकळीक नाही म्हणून हळहळणं मला पटत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा (लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या वनस्पतींच्या उत्पन्नावरचा) हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला, तो योग्यच आहे. शेवळाची खाज काकड या आंबट रानफळांनी मारायची हे पालघरच्या बाजारात बसणाऱ्या कातकरी, वारली बायकांना कोणत्या वर्गात शिकावं लागत नाही. शहरातल्या हौशींनी तिथे रानात घुसण्यापेक्षा त्यांच्याकडून जुडी घ्यावी, आणि घासाघीस न करता. इथे कोणाच्या पोटावर पाय येत नाही, म्हणून मी निःशंक मनाने तोडते.

स्वयंपाकाचं थोडक्यात. पानं फुलं येण्याआधीची, कोवळी घ्या. कोल्ह्याच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी पानांवर येऊ शकतात. ती घरच्या फ्रीझरमध्ये मरत नाहीत, साठ अंशांपुढच्या उष्णतेने मरतात. त्यामुळे निर्धास्त खायचं तर थालीपीठ: दोन वाट्या भाजणीला वाटीभर चिरलेला पाला, तिखट, मीठ, आणि झाकण ठेवून खरपूस होईपर्यंत. शिजल्यावर वास बराच उतरतो, म्हणून पाल्यात हात आखडता घेऊ नका. वाळवायच्या भानगडीत पडू नका, चवच उडते.