वीस ग्रॅमचं काहीतरी

परवा भर दुपारी कूलरसमोर नुकता डोळा लागला होता, तेवढ्यात वर्ध्याच्या मैत्रिणीचा फोन आला.

"काय झालं गं? सगळं ठीक हाय ना?"

"मला काय धाड भरली? झोपले होते."

"मग हे टिकल्यांचं पाकीट काहून पाठवून राहिली?"

पाकीट मीच पाठवलं होतं. नागपुरात बर्डीच्या बाजारात एका गाड्यावर बारीक हिरव्या टिकल्या दिसल्या. कॉलेजात तिच्या कपाळाला तसलीच टिकली असायची. घेतल्या, पाच रुपयांच्या लिफाफ्यात घातल्या आणि पेटीत टाकल्या. वाढदिवस नाही, संक्रांत नाही. चिठ्ठी मुद्दामच घातली नव्हती, कारण चिठ्ठी म्हटली की कारण आलं. तर बाईसाहेबांनी माझी उलटतपासणीच घेतली. रिपोर्ट काही वाईट आले का, मुलीचं कुठे जमलं का, पैशांची काही अडचण आहे का. सगळी उत्तरं 'नाही' आल्यावर जरा गप्प बसली आणि मग म्हणाली, "बरं, तुला आता काय पाठवू?"

झाली का पंचाईत!

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी पडतेच. ती सवय इतकी मुरली आहे की कुणी सहज काही दिलं की आपण आधी हिशेबाला बसतो. माझी आई तर या हिशेबात चित्रगुप्ताच्या वरताण होती.

उन्हाळ्यात मुगवड्या, कुरड्या, सरगुंडे वाळून झाले की आत्याच्या नावाचं पार्सल निघायचं. आत्या पुण्याला, सदाशिव पेठेत. बोर्नव्हिटाचा मोठा डबा ठरलेला. त्यावर एम्प्रेस मिलच्या मांजरपाटाचा तुकडा चढायचा आणि आई दाभणाने दुहेरी दोरा ओढत चारी बाजूंनी शिवत जायची. (त्या मिलच्या जागी आता मॉल आहे. तिथे जाऊन कुणी मांजरपाट मागून बघावं.) मग लाख. मेणबत्तीवर कांडी धरायची, लाल थेंब टाक्यांवर पाडायचा आणि तो निवायच्या आत ठसा उठवायचा. नाण्याचा ठसा पोस्टात चालत नाही असं वडील सांगायचे, म्हणून त्यांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण कामाला यायचं. बटण दाबायचा मान माझा. लाख थोडी जास्त निवली की बटणाची चार भोकं उमटायची नाहीत आणि वडील म्हणायचे, "चालतं. आत्याला कळेल आपलंच आहे."

पण खरी गंमत डबा बंद व्हायच्या आधीची. वड्या भरून वर चार बोटं जागा उरायची. डबा वाजू नये म्हणून तिथे काहीतरी कोंबायला लागायचं. वर्तमानपत्राचा बोळा चालला असता, पण आईला ते पटायचं नाही. ती गडचिरोलीकडून आलेल्या चारोळीची पुरचुंडी ठेवायची, नाहीतर एखादा खण. बोलायची मात्र काही नाही. आत्याच्या उत्तरात मुगवड्यांना 'पोचल्या, छान आहेत' एवढ्या शब्दांत वाटेला लावलेलं असायचं आणि चारोळीवर अर्धं पत्र. वर्षानुवर्षं हेच चाललं, तरी आईने मुगवड्या पाठवणं थांबवलं नाही. चारोळी ठेवायला जागा हवी ना.

डबा पुण्याहून अर्थातच भरून यायचा. त्यात काय काय असायचं ते मोठ्यांचं. माझ्यासाठी त्यातल्या रिकाम्या जागेत तुळशीबागेतलं भातुकलीचं एक पितळी भांडं असायचं. दर वेळी एकच. आधी पळी आली, मग झारा, मग अंगठ्याएवढी कळशी. पुढचं काय ते सांगायचं नाही, विचारायचं नाही. एकदा पोळपाट आला आणि मी लाटण्याची वाट बघत बसले. लाटणं काही कधी आलं नाही. मी पेन्सिलीने पोळ्या लाटल्या. आत्याला विचारायचं राहूनच गेलं. आणि डबा आला त्या संध्याकाळपासून आईचं सुरू व्हायचं, "वन्संनी एवढं पाठवलं, आता आपल्याकडून काहीतरी गेलं पाहिजे."

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर आरएमएसमधले, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेतले, एक काका राहायचे. नागपूरला कुणी नावं ठेवली की त्यांचं एक हुकमी पान होतं, सोनेगावची, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरची, रात्रीची टपाल विमानं. रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, १९४९ साली, ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची, आपापसात थैल्या बदलायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. मद्रासचं पत्र दिल्लीला जायचं ते नागपूरला वस्ती न करता, नुसतं खांदा बदलून. सत्तरच्या दशकात ते बंद पडलं. काका सांगायचे तेव्हा मला वाटायचं, चार वैमानिक तिथे धावपट्टीवर बसून एकमेकांना डबेही देत असणार. आत काय आहे ते न सांगता. अजूनही मला तसंच वाटतं, आणि कुणी खरं काय ते शोधून सांगू नये अशी इच्छा आहे.

आता कुणाला न सांगता काही पाठवून दाखवा. ऑनलाइन मागवलं की वस्तू गोदामातून हलायच्या आत तिकडच्या फोनला खबर. मग 'आज पोचेल', मग 'दहा मिनिटांत पोचेल', मग दारातला पोरगा ओटीपी मागतो. म्हणजे ज्याला चकित करायचं त्यालाच आधी फोन करून सांगायचं, की बाई, चार आकडे येतील, ते त्याला दे. रजिस्टर पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्टाबद्दल तक्रार नाही, पण ते बोलघेवडं आहे. निघालो, पोचलो, सगळं कळवतं.

म्हणून मी साध्या टपालाला धरून आहे. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये, मागे नाव घालायची सक्ती नाही. वीस ग्रॅमचा माझा आता चांगला अभ्यास झाला आहे. भाजीवाल्याच्या काट्यावर ते कळत नाही, म्हणून मी ओळखीच्या सोनाराकडे वजन करते. तो काही बोलत नाही, फक्त चष्म्यावरून बघतो. तर वीस ग्रॅमात बसतं असं: गोकर्णीच्या बिया, ब्लाउजच्या हुकांचा पुठ्ठा, मसाला सुपारीची पुडी, बसचं जुनं तिकीट, क्रोशाची सुई नव्हे पण तिने विणलेलं एक फूल. बसत नाही: संत्रं. याचं नागपूरकर म्हणून फार वाईट वाटतं. साल वाळवून पाठवून बघितली. ज्याला पाठवली त्या भाच्याने व्हॉट्सॲपवर विचारलं, "मावशी, हे औषध कसं घ्यायचं?"

पत्त्यातला पिनकोड मी कधी बघून लिहीत नाही. लोकांचे वाढदिवस विसरते, पिनकोड पाठ असतात. ४११०३०, म्हणजे आत्याची सदाशिव पेठ, म्हटलं की अजूनही मांजरपाटाचा वास येतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून हे आकडे आले, ते बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवी होते. सहा आकड्यांत छंद आहे असं मला उगीचच वाटत नसावं.

मैत्रिणीला मी "काही पाठवू नको" असं सांगितलंच नाही. सांगून उपयोग नसतो. ती पाठवणारच, मग मी पाठवणार, आणि कोण कुणाचं देणं लागतं हे दोघींच्या लक्षात राहणार नाही. एवढं झालं तरी बास.

सध्याची चिंता वेगळीच आहे. आमच्या चौकातली लाल पेटी उघडतात की नाही याची मला शंका येऊ लागली होती. तिच्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली आहे. खात्री करायला मी स्वतःच्याच पत्त्यावर एक लिफाफा टाकला आणि घरातल्या गडबडीत विसरूनही गेले. मग एक दिवस आला तो. पत्त्याचं अक्षर ओळखीचं वाटलं, तरी फाडेपर्यंत काही आठवेना. आत बडीशेप आणि खडीसाखरेची पुडी होती. उभ्याउभ्याच खाऊन टाकली.