ताप आला की लोक रात्रीच इमर्जन्सीत का धावतात

"साध्या तापासाठी एवढ्या रात्री कशाला आणलंत?" हे इमर्जन्सीत आईबापांना ऐकवलं जाणारं वाक्य मला कधीच पटलेलं नाही. एकतर ताप बहुतेकदा संध्याकाळी चढतो, शरीराचं तापमानच त्या वेळी जास्त असतं, आणि तेव्हा नेहमीचे डॉक्टर नसतात, फोन लागत नाही, मूल किरकिर करतंय, अंग भाजतंय, मग उघडं असतं तिथेच माणूस जाणार ना.

आणि खरं सांगायचं तर आकडा बघून कोणी जात नाही, भीतीने जातात. ताप मेंदूत चढेल, आकडी येईल. १९८० साली बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी पालकांना विचारून बघितलं तर मध्यम तापानेसुद्धा मेंदूला इजा होईल असं कितीतरी जणांना वाटत होतं, त्यांनी या भीतीला 'फीव्हर फोबिया' नाव दिलं. ती भीती अजून तशीच आहे कारण धीराने कोणी समजावतच नाही. इन्फेक्शनमुळे आलेला ताप सहसा मेंदूला इजा होण्याइतका वर जातच नाही. आकडी मात्र खरंच येते, ६ महिने ते ५ वर्षांच्या १०० मुलांत २ ते ५ जणांना, बहुतेकदा काही मिनिटांत थांबते आणि मागे काही ठेवत नाही, पण ज्याने ती एकदा बघितली त्याला मूल हातातून गेलं असंच वाटतं, त्याला पुढच्या प्रत्येक तापाला धाव घ्यावीशी वाटली तर मी तरी नावं ठेवणार नाही.

अजून एक, औषध देऊनही ताप पूर्ण उतरला नाही की लोक घाबरतात. पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून असतं, आकडा नॉर्मलला आणायला नाही (आणि डोस वयावर नाही, वजनावर बघायचा, हे तर बाटली हातात देतानाच सांगायला हवं). ताप थोडा उतरल्यावर पोर खेळायला लागलं, पाणी प्यायलं, शू नेहमीसारखी होतेय तर सकाळपर्यंत थांबता येतं. उलट ताप कमी असूनही मलूल पडलंय, नीट जागं होत नाही, श्वास जोरात चाललाय, पीतच नाही, मान ताठ झालीय, दाबल्यावर न जाणारे लालजांभळे डाग आलेत किंवा आकडी आलीय, तर लगेच निघायचं, रात्र असो नाहीतर पहाट. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा त्यावर ताप असेल तर बाकी काही बघत बसायचं नाही, सरळ न्यायचं.

हे सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात, पण ती पहिल्या लसीच्या वेळी द्यायला हवीत, मूल आणि आईबाप दोघं शांत असताना. रात्री रडणारं पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात यातलं काही शिरत नाही, तिला तेव्हा फक्त कोणीतरी मुलाला नीट तपासायला हवं असतं.