दार-ए-सलाममधली म्वाना हिटी: बुटपॉलिशला पैसे मोजू नका

हॉटेलबाहेर भेटणारा गाइड 'शंभर वर्षं जुनी, अस्सल झारामो बाहुली' दाखवतो म्हणाला, तर सरळ पुढे चालू लागा. मला अशाच एकाने भर उन्हात शहरभर हिंडवलं आणि शेवटी एका दुकानात अडीच लाख शिलिंगांची बाहुली पुढे ठेवली. तिला हात होते, पाय होते! म्वाना हिटीला, म्हणजे टांझानियातल्या झारामो समाजाच्या या पारंपरिक लाकडी बाहुलीला, ते सहसा नसतातच. गुळगुळीत गोल धड, छोटे स्तन, बेंबी आणि डोक्यावर दुभागलेला केसांचा तुरा, एवढंच. ओला रुमाल फिरवला, तर काळं पॉलिश उतरलं आणि खाली फिकट लाकूड. भाव लगेच पन्नास हजारांवर आला. वर गाइड दिवसभराच्या टॅक्सीचे पैसे वेगळे मागत होता. संताप अजून गेलेला नाही.

संताप पैशांपेक्षा त्या वस्तूसाठी जास्त आहे. झारामो, क्वेरे, लुगुरू या मातृवंशीय समाजांत मुलगी वयात आली की तिला एकांतात ठेवत, आणि तेव्हा ही बाहुली तिच्या हाती येई. तिला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, पोटच्या पोरासारखं जपायचं. हयगय झाली तर पुढे मूल होणार नाही, अशी श्रद्धा. हाच आकार काठ्यांवर आणि थडग्यांच्या खांबांवरही कोरलेला असतो, म्हणजे जन्म आणि पूर्वज एकाच रूपात. हे कळल्यावर 'गुड लक डॉल' म्हणून होणारी विक्री बघवत नाही.

जुन्या नगांपैकी बरेच जर्मन राजवटीत युरोपला गेले. म्हणून आधी शाबान रॉबर्ट रस्त्यावरचं राष्ट्रीय संग्रहालय गाठा, तिथल्या माणसांशी बोला, मगच खरेदीचं बघा.

नवी कलाकुसर हवी असेल तर शहरातल्या म्वेंगे भागातला बाजार उत्तम. डालाडालाने (शेअर मिनीबसने) जा, गाइड नको. तिथे बहुतेक माकोंडे या लाकूडकामासाठी प्रसिद्ध समाजाच्या शैलीचं काम मिळतं. माकोंडेंचा गरोदर पोटाचा मुखवटा दिसला तर जरूर थांबा: दीक्षाविधीच्या नाचात तो पुरुष अंगावर बांधतात. पण त्यालाही 'जुना' म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. खरं म्पिंगो, म्हणजे मुळातच काळं असलेलं आफ्रिकन ब्लॅकवुड, हातात जड लागतं, पाण्यात बुडतं. लाकडाच्या कडेचा नैसर्गिक पिवळसर पट्टा राहिला असेल तर उत्तमच, म्हणजे वरून काळं फासलेलं नाही. दुकानदार पाण्यात टाकू देत नसेल, तर पुढचं दुकान.