लिस्ट स्क्रोल झाली आणि पेट्यांचे आकडे फिरले

वाशीच्या एपीएमसीत फळ मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी आम्ही सध्या ऑर्डरचं ॲप करतोय. एप्रिल-मेमध्ये हापूस जोरात असतो तेव्हा तिथले मेहताजी (हिशोबनीस) फोन हातात धरून एकेका गिऱ्हाइकाच्या नावापुढे पेट्या टाकत खाली खाली जातात, मध्येच कोणीतरी हाक मारतं, मग परत वर जाऊन बघतात. आधी ते जे ॲप वापरायचे त्यात नेमकं इथेच सगळं बिघडायचं. मेहताजी मला म्हणाले, "अहो, डोंबिवलीवाल्याला चार टाकल्या, खाली जाऊन वर आलो तर त्याचं रिकामं आणि चार ऐरोलीवाल्याच्या नावावर." तेव्हापासून ते आधी वहीत लिहितात आणि मग फोनमध्ये, म्हणजे काम डबल.

आता हे होतं कशामुळे. लिस्टमध्ये तीनशे नावं असली तरी फोन तीनशे ओळी बनवत नाही, स्क्रीनवर मावतील तेवढ्या आणि शिवाय थोड्या जास्तीच्या बनवतो, आणि वरून बाहेर गेलेली ओळ उचलून खाली नव्या नावासाठी वापरतो. ठाण्याला लोकलमधली सीट रिकामी झाली की लगेच दुसरा बसतो तसंच, फक्त इथे आधीच्या माणसाची पिशवी सीटवरच राहते आणि ती नव्याची समजली जाते. आयफोनच्या यूआयटेबलव्ह्यूमध्ये (तिथली लिस्ट) सेल म्हणजे ओळी असेच परत वापरतात, अँड्रॉइडवर जुन्या लिस्टव्ह्यूतही हेच होतं आणि २०१४ मध्ये रिसायकलरव्ह्यू आला तेव्हा व्ह्यूहोल्डर (ओळीचे भाग धरून ठेवणारा) सक्तीचाच झाला. ह्यात चूक काही नाही, असं केलं नाही तर साध्या फोनवर लिस्ट अडकत अडकत चालेल.

माझं म्हणणं एवढंच की माणसाने टाकलेला आकडा ओळीत ठेवायचाच नाही. तो गिऱ्हाइकाच्या आयडीला (प्रत्येकाचा न बदलणारा वेगळा नंबर) बांधून व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे ओळींपासून वेगळा, ठेवायचा, ओळीने तो फक्त दाखवायचा. आयडीच, पोझिशन (लिस्टमध्ये कितवा) नाही, कारण मध्येच नवीन गिऱ्हाईक आलं किंवा कोणी सर्च केलं की पोझिशन बदलते आणि चार पेट्या परत भलत्याच्याच नावावर.

पण एवढं करूनही अँड्रॉइडचा एडिटटेक्स्ट, म्हणजे आकडा टाकायचा चौकोन, फसवतो, इथे नीट बघा. ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे ओळीत नवं नाव भरतात (बाइंड करतात) तिथे, दर वेळी नवा टेक्स्टवॉचर (मजकूर बदलला की जागा होणारा कोड) लावला तर जुने निघत नाहीत, ते साठत जातात, आणि चौकोनात कोडने मजकूर भरला, म्हणजे सेटटेक्स्ट केलं, की सगळे जागे होतात, जुना वॉचर ऐरोलीवाल्याचा आकडा डोंबिवलीवाल्याच्या आयडीखाली लिहून मोकळा. म्हणून वॉचर होल्डर बनतानाच एकदा लावायचा आणि तो आत्ता कुठल्या आयडीसाठी आहे ते बाइंड करताना सेटटेक्स्टच्या आधी सांगायचं. चेकबॉक्सलाही तेच, आधी लिसनर (टिक बदलली की जागा होणारा कोड) नल करा म्हणजे काढा, मग सेटचेक्डने टिक ठरवा, मग लिसनर परत लावा. आणि कोडमध्ये इफ (जर) लिहिलात तर एल्स (नाहीतर) लिहाच, टिक नसेल तर टिक काढायची हेसुद्धा सांगावं लागतं, नाहीतर आधीच्याची टिक तशीच राहते.

नेटवर सेटइझरिसायकलेबल फॉल्स करा (ओळ परत वापरूच नका) किंवा गेटआयटमव्ह्यूटाइपमधून पोझिशन परत करा (प्रत्येक ओळ वेगळ्या प्रकारची धरा) असे तोडगे सापडतात. कृपा करून नको. दहा ओळींच्या टेस्ट डेटावर सगळं छान दिसतं आणि खऱ्या लिस्टवर मेमरी खातं, शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं.

अँड्रॉइडची स्क्रीन बनवायची नवी पद्धत जेटपॅक कंपोज, त्यात लेझीकॉलमला (तिथली लिस्ट) की, म्हणजे ओळीची ओळख, दिली नाही तर पोझिशन हीच की धरली जाते, म्हणून आयडी द्यायचा. ओळीत काही लक्षात ठेवायला नुसतं रिमेंबर वापरलं तर ते ओळ बाहेर गेली की विसरतं, रिमेंबरसेव्हेबल टिकतं, पण ते मी ओळ उघडी की मिटलेली अशा बारीक गोष्टींपुरतंच ठेवतो. फ्लटरमध्ये (आयफोन-अँड्रॉइड दोन्हींसाठी ॲप बनवायचं साधन) ओळ जिवंत ठेवायला ऑटोमॅटिककीपअलाइव्हक्लायंटमिक्सिन आहे, त्यात वाँटकीपअलाइव्ह ट्रू आणि बिल्डमध्ये सुपरचं बिल्ड बोलवायचं, टॅब जपायला उत्तम, पण तीनशे टेक्स्टफील्ड जिवंत ठेवायला ते वापरू नये. आणि तिथे ओळींचा क्रम बदलत असेल तर नुसती की पुरत नाही, कीवरून ओळ आता कितवी ते सांगणारा फाइंडचाइल्डइंडेक्सकॉलबॅकसुद्धा द्या.

स्क्रोलचं झालं, पण मार्केटमध्ये माणूस ॲपमधून उठून व्हॉट्सॲपवर जातो, फोटो काढतो, फोनवर बोलतो, आणि कमी रॅमच्या फोनवर तेवढ्यात सिस्टीम मागे ॲप मारून टाकते, व्ह्यूमॉडेलसकट. सगळे आकडे बंडलमध्ये (ॲप मारलं तरी सिस्टीम जपते ती छोटी पिशवी) कोंबायचा मोह होतो पण ते सिस्टीमकडे नेणाऱ्या बाइंडरचा बफर साधारण १ एमबीच असतो आणि तो अख्ख्या प्रोसेसमध्ये वाटून घ्यायचा असतो, भरला की ॲप क्रॅश. म्हणून आम्ही आकडा टाकला की क्षणभर थांबून तो रूममध्ये (फोनमधला डेटाबेस) ड्राफ्ट म्हणून लिहितो. सेव्ह बटण फक्त ऑर्डर पक्की करायला. सकाळच्या गर्दीत ज्याने शंभर नावांपुढे आकडे टाकलेत त्याला परत टाका असं सांगणं मला अजिबात पटत नाही, त्याची ती मेहनत आहे आणि त्यावर त्याचा हिशोब चालतो.

टेस्ट करताना डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज (स्क्रीन सोडली की ती लगेच नष्ट होते) चालू करा, भरपूर खोटी नावं भरा, मधल्या एका ओळीत आकडा टाका, तळापर्यंत जोरात स्क्रोल करा, वर या, सर्च करा, सर्च काढा, फोन आडवा करा, दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत या. मग ॲप बॅकग्राउंडला टाकून एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) किल करा आणि रीसेंट्समधून उघडा. आमच्याकडे ह्या सगळ्यातून आकडा त्याच नावापुढे राहिला तरच ॲपचं ते बिल्ड गाळ्यावर जातं.