तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या मुली आणल्या कुठून?

आमच्या १९९६ च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, त्याला वर्ष उलटून गेलं. तरी दारव्ह्याच्या बाजारात कोणी ना कोणी गाठतंच. "ताई, आमच्या बॅचले तीनच बाया येतात. तुमच्या १७ कशा आल्या?"

पहिली गोष्ट, आम्ही दहावीची यादी धरलीच नाही. ग्रुपवर पोरांनी टाकलेल्या यादीत ८ मुली होत्या. पाचवीत आम्ही २२ होतो. बाकीच्या १४ कुठं गेल्या, हे कोणालाच सुचलं नाही. खरं सांगते, मलाही नाही.

सुचलं ते २०२४ च्या जुलैत. मी अंगणवाडी सेविका. तेव्हा लाडक्या बहिणीचे फॉर्म भरण्यात बुडालेली. अधिवासाचा कागद नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला चालेल असं ठरलं, आणि आजवर शाळेचं नाव न काढलेल्या बाया दाखल्यासाठी माहेरी येऊ लागल्या. एक दिवस दारात एक जण उभी राहिली. "ओयखलं का?" नाही ओळखलं. सासरी तिचं पहिलं नावही बदललेलं. माहेरचं नाव सांगितलं तेव्हा लख्खकन आठवलं, आम्ही आठवीपर्यंत एका तरटपट्टीवर बसायचो.

तिच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण होतं, 'सतत गैरहजर'. मी वाचून दाखवलं तर ती हसायला लागली. "गैरहजर कायची वो, मी त कापूस येचाले जात होती. कोयशाचं इंजिन गेलं त्याच वर्षी माही शाया गेली." म्हणजे १९९४. त्या साली आमच्या शकुंतलेचं, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेगाडीचं, वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं होतं. आता तर ती गाडीही नाही.

त्याच आठवड्यात शाळेत जाऊन पाचवीचं दाखल-खारीज रजिस्टर काढायला लावलं. फॉर्मवरचे फोन नंबर मी वापरले नाहीत, ते बरं दिसत नाही. गावातल्या भावांना, आयांना, वहिन्यांना विचारत गेले. फोन मात्र मीच करायचे. पोरांनी केला की घरून आधी "कोन बोलून राह्यलं?" येतं, आणि तिथंच गोष्ट संपते. तुमच्याकडे तीनच येतात त्याचं निम्मं कारण हेच असावं.

फोनवर जवळजवळ सगळ्यांचं एकच, "मी दहावीत नोयती, मले कायले बलावतं?"

तारीखही पोरांनी डिसेंबरची काढली होती, त्यांच्या सुट्ट्या पाहून. मी अडून बसले. भाऊबीजेला बाया तशाही माहेरी असतात, म्हणून दुसरा दिवस धरला. वेचणीचे दिवस होते, एकीची सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, त्याच दिवशी निघाली, ती उरकून दुपारी आली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं मंडपाचा खर्च करायला तयार असलेले पुष्कळ भेटले. नको म्हटलं. वर्गणी पोरांना ५००. बायांकडून घ्यायची नाही असं मी ठरवलं, तर त्याच रागावल्या. प्रत्येकीनं ५० रुपये हातात कोंबलेच.

कार्यक्रमाचं काय सांगू? सत्कार लांबले, भाषणं त्याहून लांबली, पुण्यात फ्लॅट घेतलेल्यानं फ्लॅटचे फोटो दाखवले. आलू-वांग्याची भाजी मात्र झकास झाली. २२ पैकी दोघी आता नाहीत, तिघींना सासरहून निघता आलं नाही. आलेल्या १७ पैकी १० जणींनी दहावीचा वर्ग कधी पाहिलाच नव्हता. जेवणं झाल्यावर त्या वर्ग पाहून आल्या. "बाक आले वो आता," एवढंच एक जण म्हणाली, आणि मग कोणाच्या पोरीचं कुठं जमलं यावर गाडी गेली.

ग्रुपचं नाव तेवढं अजून 'दहावी १९९६'च आहे. मी दोनदा 'पाचवी १९९१' केलं. दोन्ही वेळा रात्रीतून कोणीतरी परत बदललं. माझा संशय फ्लॅटवाल्यावर आहे.