शून्य बाइटची बिलं घेऊन सोलापूरला

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहून दिलंय. गेल्या पावसाळ्यात तिथल्या दिवाणजींचा फोन आला, "अहो, लाईट जाऊन आली. बिलं दिसतायत, पण उघडली की कोरी." फोल्डरमध्ये अकरा फायली, नावं बरोबर, आकार शून्य. यूपीएस घ्या म्हणून सांगितलं आणि सुटलो. पण 'बिल सेव्ह झालं' ही हिरवी पट्टी माझ्याच कोडनं दाखवली होती, ते डोक्यातून जाईना.

त्यामुळे फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था) आणि स्टोरेजवर सोलापुरातच दोन दिवसांची कार्यशाळा आहे, डेव्हलपरांनी यावं, असं आमंत्रण आल्यावर त्याच दिवशी अर्ज भरला. अर्जात एकच खरा प्रश्न होता: तुमचा डेटा कधी आणि कसा गेला? पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी इथे 'विषयाची आवड आहे' छापाचं काही लिहू नये. गेलेल्या डेटाची लाज न बाळगता सगळं लिहावं. माझी अकरा बिलं पहिल्या सत्रातच फळ्यावर चढली.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बरी पडते. रात्री पोचून झोपलं की सकाळी डोकं ताजं. मुक्काम स्टेशनजवळ करा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा लॉजवर बादली जपून वापरा. संक्रांतीच्या आसपास बोलावणं आलं तर खोली आधीच धरून ठेवा, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला गाव भरलेलं असतं. आम्ही फेब्रुवारीत गेलो. पहाटे स्वेटर आणि दुपारी घाम.

शिकवणारा मुलगा पॉवरलूमवाल्या घरातला. आईशी फोनवर तेलुगूत, आमच्याशी मराठीत, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल होता होता अडकला की स्वतःशीच कन्नडमध्ये. त्यानं जर्नल, म्हणजे फाइल सिस्टिमची बदल टिपायची वही, समजावलं ते मात्र अस्सल पेठेतल्या भाषेत. आधी कीर्दीत टिपायचं, मग खतावणीत चढवायचं. मधेच दिवा गेला तर कीर्द बघून खतावणी पुरी करता येते. मी म्हटलं, मग माझी बिलं का गेली? तो म्हणाला, "कारण कीर्दीत फाइलीचं नाव होतं, माल अजून गोदामात आलाच नव्हता."

मग त्यानं ते करून दाखवलं. व्हर्च्युअल मशिनमध्ये (संगणकातल्या लटक्या संगणकात) एक्स्ट४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, त्यात माझ्यासारखीच दर बिलाला नवी फाइल. प्रोग्रॅम 'झालं' म्हणाला, दहा सेकंद थांबून त्यानं मशिनच मारून टाकलं. परत चालू केल्यावर फायली हजर, आकार शून्य. आपण राइट म्हणतो तेव्हा मजकूर फक्त रॅममध्ये, पेज कॅशमध्ये जातो. एक्स्ट४ डिस्कवरची जागासुद्धा लगेच देत नाही, जमेल तितकं लांबवतं. जर्नल एरवी दर 5 सेकंदांनी कमिट होतं, म्हणजे डिस्कवर उतरतं, पण मजकूर 30 सेकंदांपर्यंत रॅममध्ये बसून राहू शकतो. या दोहोंच्या मधल्या फटीत आमच्या दिवाणजींची लाईट गेली होती. एक्स्ट४ नवं होतं तेव्हा, 2009 साली, याच फटीवरून मोठी बोंबाबोंब झाली होती. त्यानंतर जुन्या फाइलीवर नवी चढवण्याच्या प्रकाराला कर्नलनं थोडं सांभाळून घेतलं. कोऱ्या नव्या फाइलीला नाही.

उपाय चार ओळींचा. तात्पुरत्या नावानं लिहा, एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायचा हुकूम) करा, रीनेम करा, मग त्या फोल्डरलाही एफसिंक करा. ही शेवटची ओळ सगळे विसरतात, मीही विसरलो असतो. आणि एफसिंकनं चूक परत केली तर पुन्हा एफसिंक करून 'आता झालं' समजू नका. पहिल्या चुकीनंतर कर्नल रॅममधली ती पानं स्वच्छ, म्हणजे डिस्कवर उतरलेली, धरून बसू शकतो आणि दुसऱ्यांदा खुशाल यश सांगतो. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हे कळलं, तेव्हापासून अशा वेळी ते सर्व्हरच पाडतात आणि नोंदींवरून पुन्हा उभा करतात.

जाताना लॅपटॉपवर निदान 30 जीबी जागा मोकळी ठेवा आणि व्हर्च्युअल मशिन घरूनच चालवून बघा. वीस जणांनी एकदम डाउनलोड लावल्यावर तिथलं वायफाय बसलं. एक्स्टेन्शन बोर्ड न्या. प्रयोग लूप फाइलीवरच, म्हणजे डिस्क म्हणून वापरलेल्या साध्या फाइलीवरच करा. माउंट असलेल्या, म्हणजे वापरात जोडलेल्या डिस्कवर फाइल सिस्टिमच्या दुरुस्तीचा एफएससीके हा प्रोग्रॅम चालवू नका; एकानं चालवला, आणि दुसरा दिवस बिचाऱ्याचा विंडोज टाकण्यात गेला. एक गोष्ट मात्र व्हर्च्युअल मशिन मारून दिसत नाही. खऱ्या डिस्कच्या पोटातही कॅश असतो, त्याची परीक्षा प्लग ओढूनच होते.

दुसऱ्या दिवशी आयनोड (दर फाइलीमागे एक लागणारी, मोजकीच असलेली नोंदीची जागा) संपल्याची एक केस आली. जागा निम्मी मोकळी, तरी 'डिस्क भरली'. लाखो बारक्या फायलींनी आयनोडच संपवले होते. पुढचं सत्र फ्यूजवर होतं, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रॅमसारखी फाइल सिस्टिम लिहायच्या सोयीवर. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही यांच्यानंतर ते ठेवणं ही आयोजकांची एकमेव चूक. चटणी नवी पेठेतून घरी न्यायला घ्या, लसूण जास्त असलेली मागा.

सोमवारी परतायच्या आधी कारखान्यात गेलो. तिथल्या जुन्या संगणकावर लिनक्स मीच टाकलेलं. नवा कोड चढवला आणि यूपीएस काढून दिवाणजींना म्हटलं, बिलं करत राहा आणि वाटेल तेव्हा बटण बंद करा. त्यांनी अकराव्या बिलाला एंटर मारला आणि त्याच दमात दुसऱ्या हातानं भिंतीवरचं बटण खाली केलं. चालू केल्यावर दहा बिलं, शेवटच्या पैशापर्यंत.

"आणि अकरावं?"

"त्याची हिरवी पट्टी आली होती का?"

"नव्हती आली." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग ते यूपीएसचे पैसे कोण देणार, तुम्ही का?"