डेबियन १२ वर तीन पायथन शेजारी-शेजारी: आतापर्यंतचं काम

पायथन ३.११ डेबियन लिनक्सचं स्वतःचं आहे, त्याला हात लावलेला नाही. ३.१० आणि ३.१३ सोर्सवरून बिल्ड केले आहेत. दोघांना ऑप्ट डिरेक्टरीखाली वेगवेगळा प्रीफिक्स (इन्स्टॉल होण्याची जागा) दिलाय आणि इन्स्टॉल करताना ऑल्टइन्स्टॉल वापरलंय, म्हणजे पायथन३ नावाची लिंक तयार होत नाही.

सिस्टमची ती लिंक नव्या आवृत्तीकडे वळवू नका. डेबियनची काही साधनं तिच्यावर चालतात. त्यांना लागणारं ॲप्टचं (डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकाचं) मॉड्यूल ३.११ साठीच कंपाइल केलेलं असतं, ते दुसऱ्या आवृत्तीला सापडत नाही.

बिल्डमध्ये खरी फसगत अशी, की डेव्ह पॅकेजेस (लायब्रऱ्यांच्या बिल्डला लागणाऱ्या फाइली) नसली तरी मेक (बिल्ड करणारी कमांड) बिनबोभाट पूर्ण होतं. लिबएसएसएल-डेव्ह राहिलं तर एसएसएल मॉड्यूल बनत नाही आणि पिपला (पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या साधनाला) काहीच उतरवता येत नाही. लिबएफएफआय-डेव्ह राहिलं तर सीटाइप्स (सी लायब्रऱ्या वापरायचं मॉड्यूल) गायब. न बनलेल्या मॉड्यूलांची यादी मेकच्या शेवटी येते, ती वाचाच. इन्स्टॉल झाल्यावर एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, बीझेड२ आणि एलझेडएमए एका ओळीत इम्पोर्ट करून बघा.

बिल्डमधला शेअर्ड लायब्ररीचा पर्याय (पायथनचा गाभा वेगळ्या फाइलीत ठेवणारा) गरज नसेल तर बंदच बरा. लायब्ररीच्या नावात ३.१० एवढंच असतं, पुढचा पॅच क्रमांक नसतो. त्यामुळे ३.१० चे दोन पॅच एकाच मशीनवर असले की एकाचा बायनरी दुसऱ्याची लायब्ररी उचलू शकतो, आणि आवृत्ती विचारली तर चुकीचा आकडा सांगतो. शेअर्ड हवंच असेल तर लिंक करताना आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची तो पाथ) द्या.

टर्मिनलवर ३.१३ दिसतं म्हणून सर्व्हिसही त्यावरच चालते असं नाही. सिस्टमडी (सर्व्हिस चालवणारा) आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) बॅशआरसी ही टर्मिनलची सेटिंग फाइल वाचत नाहीत; डेबियनच्या क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) तर मुळात दोनच डिरेक्टऱ्यांचा. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये) व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या (प्रोजेक्टच्या स्वतंत्र पायथन डिरेक्टरीतल्या) पायथनचा पूर्ण पाथ लिहा, ॲक्टिव्हेट करण्याची गरजच नाही. ते एन्व्हायर्नमेंट दुसरीकडे हलवू मात्र नका: पिपच्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत जुना पाथ कोरलेला असतो. नव्या जागी नव्याने बनवा.

बाकी आहे ते ३.१० वरचा कोड नव्या आवृत्तीवर नेऊन ते रिकामं करणं. डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल ३.१२ मध्ये काढून टाकलं गेलं, सीजीआय, क्रिप्ट आणि टेलनेटलिब ३.१३ मध्ये. यांवर टेकलेला कोड आधी बदलावा लागेल, कारण ३.१० च्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत.